नवा राउटर, जुना लॅपटॉप: एकावर एक बसलेल्या तीन दोषांचं प्रकरण

लॅपटॉप २०११ सालचा, १४ इंची. नंतर हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवलेली, रॅम ८ जीबी, विंडोज १०. वायफाय कार्ड एथेरॉसच्या एआर ९२८५ चिपचं, म्हणजे फक्त २.४ गिगाहर्ट्झ, ८०२.११एन (वायफायची जुनी पिढी) आणि एकच स्ट्रीम (एका वेळी डेटाचा एकच प्रवाह). घरातला जुना राउटर बंद पडला आणि त्याच्या जागी वायफाय ६चा, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन बँडचा राउटर आला. जुना राउटर लॅपटॉपच्या टेबलावरच होता. नवा मात्र फायबरची वायर जिथे येते तिथे, बाहेरच्या खोलीत बसला. त्या दिवसापासून फोन, टीव्ही, टॅबलेट सगळं सुरळीत आणि लॅपटॉपला नेट नाही.

अशा वेळी लोक जे जे करतात ते सगळं करून झालं होतं. ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला, ड्रायव्हर शोधून देणारं एक सॉफ्टवेअर चालवलं, अँटीव्हायरस उडवला, नेटवर्क रीसेटचं बटण दाबलं. शेवटी निदान झालं की कार्ड गेलं.

कार्ड ठणठणीत होतं. दोष तीन होते, एकावर एक बसलेले, आणि त्यातला एक नवा राउटर येण्याच्या कितीतरी आधीचा. म्हणूनच घोळ होत होता. एक दोष काढला तरी दुसरा आडवा येई, 'काही फरक पडला नाही' असं वाटे आणि केलेला योग्य बदलही परत फिरवला जाई. जुन्या लॅपटॉपवर हे फार वेळा होतं. नेट चालू झालं की नाही यावर प्रत्येक बदलाची परीक्षा घ्यायची नाही. त्या बदलाने जो एक आकडा किंवा जी एक ओळ बदलायला हवी, ती बदलली का, एवढंच पाहायचं.

नेटवर्क रीसेटबद्दल इथेच सांगून टाकू. ते बटण जतन केलेली सगळी नेटवर्कं आणि पासवर्ड पुसतं, अडॅप्टर काढून नव्याने बसवतं, व्हीपीएनसारख्या सॉफ्टवेअरची मांडणीही मोडू शकतं. कधीकधी उपयोग होतो, पण ते शेवटी दाबायचं बटण आहे. सुरुवातीलाच दाबलं तर आधी काय बिघडलं होतं याचा मागच राहत नाही.

नाव दिसतच नाही

पहिलं निरीक्षण साधं पण मोलाचं होतं. यादीत शेजारपाजारची पाच-सहा नेटवर्कं दिसत होती, घरचं दिसत नव्हतं. बाकीची दिसतात याचा अर्थ रेडिओ चालू आहे, ड्रायव्हर काम करतोय, एअरप्लेन मोड बंद आहे आणि लॅपटॉपच्या पुढच्या कडेला असतो तो सरकता स्विचही बरोबर जागी आहे. ड्रायव्हर पुन्हा टाकण्याचं कारण इथेच संपलं. यादी पूर्ण रिकामी असती तर गोष्ट वेगळी होती. तेव्हा आधी तो स्विच, मग फंक्शन कीबरोबरचं वायफायचं बटण, मग बायोसमधली (विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मूळ मांडणीतली) वायरलेसची नोंद, आणि त्यानंतर डिव्हाइस मॅनेजर.

इतर नेटवर्कं दिसतात पण आपलंच नाही, याची कारणं मोजकी. राउटर फक्त ५ गिगाहर्ट्झवर प्रक्षेपण करत असेल तर या कार्डाला ते ऐकूच येणार नाही. २.४वर आहे, पण कार्डाला परवानगी नसलेल्या चॅनेलवर आहे, हे दुसरं. आणि काही जुने ड्रायव्हर ८०२.११एएक्सची, म्हणजे वायफाय ६ची, नवी माहिती असलेली बीकन फ्रेम (राउटर आपलं नाव जाहीर करतो तो संदेश) वाचताना गडबडतात आणि ते नेटवर्क यादीतून गाळून टाकतात, हे तिसरं.

यातलं कोणतं, हे ठरवायला फोन पुरला. आधी फोनचं हॉटस्पॉट २.४ गिगाहर्ट्झवर लावलं. लॅपटॉपला ते लगेच दिसलं, जोडलं गेलं आणि नेट चाललं. म्हणजे लॅपटॉपमधली विंडोज, आयपीची मांडणी, ब्राउझर हे सगळं एका फटक्यात संशयातून बाहेर पडलं. (जिथे फोन हाताशी आहे तिथे ही चाचणी सोडून दुसरं काही आधी करणं म्हणजे वेळ घालवणं.) मग फोनवर वायफाय ॲनालायझर उघडून घरचं नेटवर्क कुठल्या चॅनेलवर आहे ते पाहिलं. २.४ गिगाहर्ट्झ, चॅनेल १३.

गुंता तिथे होता. २.४च्या पट्ट्यात अमेरिकेत १ ते ११ चॅनेल वापरतात, जगात इतर बहुतेक ठिकाणी १ ते १३. वायफाय कार्डाच्या छोट्या मेमरीत कारखान्यातच एक देश-संकेत लिहिलेला असतो. तो अमेरिकेचा असेल तर कार्ड १२ आणि १३ चॅनेल तपासतच नाही, मग राउटर शेजारी ठेवला तरी. राउटर मात्र 'ऑटो'वर होता. आजूबाजूच्या गर्दीतून रिकामा म्हणून त्याने १३ उचलला होता. ऑटोवरचा राउटर रीस्टार्ट झाल्यावर चॅनेल बदलू शकतो, त्यामुळे असा लॅपटॉप एक दिवस चालतो, दुसऱ्या दिवशी चालत नाही आणि दोष भलत्याच गोष्टीवर जातो.

राउटरच्या मांडणीच्या पानावर २.४ गिगाहर्ट्झचा चॅनेल ऑटोवरून काढून ६ केला. एकमेकांवर न चढणारे चॅनेल १, ६ आणि ११. त्यांतला ज्यावर शेजारची गर्दी कमी दिसते तो घ्यायचा. रिकामे दिसतात म्हणून ३ किंवा ८ घेऊ नये. तिथे दोन्ही बाजूंच्या नेटवर्कांचा गोंगाट ऐकावा लागतो. चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवली. दोन्ही बँड एकाच नावाखाली होते, ते तोडून २.४ला वेगळं नाव दिलं, म्हणजे कोण कुठे जोडलंय याबद्दल शंका उरली नाही.

मिनिटभरात नाव यादीत आलं. एएक्सची शंका तपासायची गरज उरली नाही. नाव तरीही आलं नसतं तर पुढची पायरी म्हणजे २.४चा मोड 'बीजीएन' (फक्त जुने बी, जी, एन प्रकार) करणं. फोन आणि टीव्ही ५ गिगाहर्ट्झवर असतील तर त्यांचं त्यात काही जात नाही.

नाव दिसतं, जोडलं जात नाही

पासवर्ड टाकल्यावर 'कान्ट कनेक्ट टू धिस नेटवर्क'. पासवर्ड बरोबर आहे हे फोनवर पडताळलेलं होतं. कमांड प्रॉम्प्टमध्ये 'नेटश डब्ल्यूलॅन शो ड्रायव्हर्स' चालवलं. ही आज्ञा कार्ड आणि ड्रायव्हर मिळून काय काय पेलतात त्याची यादी देते. त्यात दोन ओळी पाहायच्या. रेडिओचे प्रकार: इथे बी, जी, एन एवढेच. आणि ८०२.११डब्ल्यू मॅनेजमेंट फ्रेम प्रोटेक्शन (जोडणी सांभाळणाऱ्या संदेशांचं संरक्षण): 'नो'.

नव्या राउटरवर सुरक्षा 'डब्ल्यूपीए २ / डब्ल्यूपीए ३' अशी मिश्र होती. मिश्र प्रकारात जुन्या यंत्राने त्यातला डब्ल्यूपीए २ उचलावा अशीच योजना असते. पण त्याच पानावर खाली पीएमएफ नावाची वेगळी नोंद होती, आणि ती 'रिक्वायर्ड'वर होती. पीएमएफ म्हणजे तेच ८०२.११डब्ल्यूचं संरक्षण. राउटर म्हणतोय सक्तीचं, कार्ड म्हणतंय येत नाही. मग पासवर्ड कितीही बरोबर असला तरी दार उघडणार नाही. विंडोज यातलं काहीच सांगत नाही, फक्त 'जोडता येत नाही' म्हणून मोकळी होते.

२.४च्या नेटवर्कला फक्त 'डब्ल्यूपीए २, एईएस' लावलं (एईएस ही डेटा गुप्त करण्याची पद्धत), पीएमएफ बंद केलं. ५ गिगाहर्ट्झवर मिश्र सुरक्षा तशीच राहिली. इथे एक मोह टाळायचा. 'जुन्या यंत्रांसाठी' म्हणून 'डब्ल्यूपीए / टीकेआयपी' (एईएसच्या आधीची पद्धत) असा पर्यायही राउटरवर असतो. तो कमकुवत तर आहेच, शिवाय ८०२.११एनचे वेग टीकेआयपीबरोबर चालत नाहीत आणि जोडणी ५४ मेगाबिटच्या खाली अडकते. वायफायचं प्रमाणपत्र मिळवायला डब्ल्यूपीए २ सक्तीचं झालं ते २००६मध्ये. २०११च्या लॅपटॉपला एईएस नीट येतं. राउटरवर दोन बँडांची सुरक्षा वेगळी ठेवता येत नसेल तर गेस्ट नेटवर्क डब्ल्यूपीए २वर काढून लॅपटॉप त्यावर ठेवता येतो. मात्र गेस्टवरून घरातला प्रिंटर सहसा दिसत नाही.

राउटरची मांडणी बदलल्यावरही पहिला प्रयत्न फसला, कारण विंडोजने आधीच्या फसलेल्या जोडणीची नोंद धरून ठेवली होती. नेटवर्कवर 'फर्गेट' करून पुन्हा पासवर्ड टाकला आणि जोडणी झाली. नेमक्या याच टप्प्यावर पूर्वी माघार घेतली गेली असावी.

जोडलं जातं, टिकत नाही

राउटरच्या शेजारी लॅपटॉप चालला. आपल्या टेबलावर नेला की रडगाणं सुरू. कधी 'नो इंटरनेट', कधी जोडणीच तुटलेली. 'आयपीकॉन्फिग' केलं तर पत्ता १६९.२५४ने सुरू होणारा. हा पत्ता राउटर देत नाही. राउटरकडून पत्ता मिळाला नाही की विंडोज तो स्वतःच लावून घेते. लोक इथे डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा) बदलायला धावतात. पण पत्ताच मिळाला नसेल तर गूगलच्या डीएनएसचा ८.८.८.८ हा पत्ता लिहून काय होणार? आधी डिफॉल्ट गेटवेला, म्हणजे राउटरच्या पत्त्याला पिंग करायचं (छोटा संदेश पाठवून उत्तर किती वेळात येतं ते पाहायचं). तिथे उत्तरं हुकत असतील तर भानगड लॅपटॉप आणि राउटर यांच्यामधल्या हवेत आहे. बाहेरच्या इंटरनेटचा संबंध नाही. इथे टेबलावरून केलेल्या पिंगची निम्मी उत्तरं येतच नव्हती, आली ती ४००-५०० मिलिसेकंदांनी. धडधाकट वायफायवर राउटरचं उत्तर १ ते ५ मिलिसेकंदांत येतं.

आता दूर गेल्यावर सिग्नल कमी होतो हे कुणीही म्हणेल. खरी चाचणी जवळ करायची. लॅपटॉप राउटरपासून १ मीटरवर ठेवला आणि 'नेटश डब्ल्यूलॅन शो इंटरफेसेस' चालवलं. सिग्नल ३८ टक्के. विंडोजच्या टक्क्यांचं गणित सोपं आहे: निम्मे करा, त्यातून १०० वजा करा, डीबीएम मिळतात (सिग्नलच्या ताकदीचं माप, शून्याच्या जितकं जवळ तितकं चांगलं). ३८चे निम्मे १९, म्हणजे उणे ८१ डीबीएम. त्याच जागी फोन उणे ३८ दाखवत होता. दोघांत ४३ डेसिबलचा फरक, म्हणजे शक्तीच्या हिशेबात सुमारे वीस हजार पट. जुनं कार्ड, लहान अँटेना, स्वस्त बनावट या सगळ्याने मिळून ५-१० डेसिबल जातील. चाळीस जात नाहीत. एवढा फरक म्हणजे अँटेनाच लागलेली नाही.

मग एसएसडीचा धागा जुळला. ती बसवताना पंखाही साफ केला होता आणि त्यासाठी मशीन पूर्ण उघडलं होतं. अँटेनाच्या वायरी तेव्हाच सुटल्या. पण राउटर त्याच टेबलावर असल्यामुळे अँटेनाशिवायही काम भागत होतं, आणि नवा राउटर भिंतीपलीकडे गेल्यावर ते उघडं पडलं.

उघडण्याआधी चार्जर काढला, बॅटरी काढली आणि पॉवरचं बटण १५-२० सेकंद दाबून धरलं. या मॉडेलला तळाशी वायफाय कार्डासाठी वेगळं झाकण आहे, दोन स्क्रूंचं. आत मिनी पीसीआय एक्सप्रेसचं अर्ध्या लांबीचं कार्ड, साधारण ३० गुणिले २७ मिलिमीटर. कार्डाच्या कडेला जेमतेम २ मिलिमीटर व्यासाचे दोन सोनेरी गोल कनेक्टर, शेजारी १ आणि २ असे आकडे. काळी वायर सुटून कार्डाखाली दडलेली होती, पांढरी वरून बसल्यासारखी दिसत होती पण एका कडेने उचललेली. अशी अर्धवट बसलेली वायरच जास्त फसवते, कारण झाकण उघडून नुसतं पाहणारा 'वायर आहे की' म्हणून झाकण परत लावतो.

बसवण्याची पद्धत महत्त्वाची. वायरचं टोक कनेक्टरच्या अगदी मधोमध ठेवायचं, ते थोडं हलवून बरोबर बसलंय का हे बोटाला जाणवू द्यायचं, आणि मग नखाने किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने सरळ वरून दाबायचं. बारीक 'टक' होते. तिरकं दाबलं तर टोकाची कड फाकते आणि मग ते कधीच घट्ट बसत नाही. काढतानाही वायर धरून ओढायची नाही, टोकाच्या खालून सरळ वर उचलायचं. या प्रकारचा कनेक्टर साधारण ३० वेळा काढ-घाल करण्याइतकाच बनवलेला असतो, त्यामुळे उगाच खेळत बसू नये. कुठल्या रंगाची वायर मुख्य आणि कुठली दुय्यम, हे कंपनीगणिक बदलतं. म्हणून कार्डावरच्या किंवा झाकणाच्या आतल्या खुणेशी जुळवून घ्यावं.

पुन्हा १ मीटरवर: १०० टक्के. टेबलावर, एक भिंत मध्ये: ७६ टक्के, म्हणजे उणे ६२. जोडणीचा वेग ६५ मेगाबिट, राउटरचं पिंग २-३ मिलिसेकंद, हुकलेलं एकही नाही.

वायरी नीट बसूनही आकडा सुधारला नसता तर संशय बिजागरीवर. अँटेना पडद्याच्या चौकटीत वरच्या कडेला असतात आणि वायरी बिजागरीतून खाली येतात, तिथे घासून तुटतात. झाकण हळूहळू उघड-मीट करत सिग्नलचा आकडा पाहायचा. कोनाबरोबर तो उड्या मारत असेल तर वायर आतून तुटली आहे, आणि तिथे कार्ड बदलून उपयोग नाही.

दुरुस्तीनंतर आलेली नवी तक्रार

सगळं जुळलं, पिंग बाहेरपर्यंत जातंय, आणि एकही साइट उघडेना. ब्राउझर सर्टिफिकेटच्या (साइटच्या ओळखपत्राच्या) चुका दाखवत होता. कारण वायफायचं नव्हतंच. बॅटरी काढल्यावर मदरबोर्डवरच्या नाणेवजा सेलवर घड्याळ चालतं. तो सेल संपलेला असल्यामुळे तारीख कित्येक वर्षं मागे गेली होती. साइटचं सर्टिफिकेट त्या तारखेला अजून जन्मलेलंच नाही, असं ब्राउझरला दिसतं आणि तो नकार देतो. फरक १५ तासांहून मोठा असेल तर घरगुती मशीनवर विंडोजची वेळ-सेवा सहसा तो आपणहून दुरुस्त करत नाही. तारीख हाताने बरोबर केली, सीआर २०३२ सेल बदलला. 'वायफाय जोडलेलं आहे पण काहीच उघडत नाही' अशी तक्रार जुन्या लॅपटॉपबद्दल आली तर उजव्या कोपऱ्यातली तारीख पाहायला दोन सेकंद लागतात.

एक बारीक कुरबूर राहिली होती. चार्जर काढला की थोड्या वेळाने पहिलं पान उघडायला वेळ लागे, कधी जोडणी तुटे. हे वीज वाचवण्याच्या मांडणीमुळे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंट टॅबमधली 'संगणकाला हे उपकरण बंद करू द्या' अशा अर्थाची खूण काढली, आणि पॉवर ऑप्शन्सच्या प्रगत पानावर वायरलेस अडॅप्टरची नोंद बॅटरीवरही 'मॅक्सिमम परफॉर्मन्स' केली. जोडणी नेमकी कधी आणि का तुटते हे पाहायचं असेल तर ॲडमिन म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये 'नेटश डब्ल्यूलॅन शो डब्ल्यूलॅनरिपोर्ट' चालवावं. मागच्या ३ दिवसांचा तक्ता तयार होतो, त्यात प्रत्येक तुटण्याचं कारण लिहिलेलं असतं.

कार्ड बदलायचं का?

या कार्डाची कमाल २० मेगाहर्ट्झवर ६५ मेगाबिट, हातात पडतात ३५-४०. ईमेल, बँकेचं काम, व्हिडिओ कॉल यांना ते पुरतं, म्हणून इथे काही बदललं नाही. शेजारी इतकी गर्दी असेल की १, ६, ११ तिन्ही तुंबलेले आहेत, तर मात्र ५ गिगाहर्ट्झवर गेल्याशिवाय गत्यंतर नाही.

आतलं कार्ड बदलणं दिसायला सोपं, पण आधी एक गोष्ट तपासावी लागते. त्या काळच्या काही कंपन्यांच्या बायोसमध्ये चालणाऱ्या कार्डांची बंदिस्त यादी असते. यादीबाहेरचं कार्ड लावलं की लॅपटॉप सुरू होतानाच '१०४' किंवा '१८०२' अशा क्रमांकाची चूक दाखवून थांबतो. म्हणून त्याच मॉडेलबरोबर कंपनीने स्वतः दिलेल्या दोन बँडच्या कार्डाचा पार्ट नंबर सर्व्हिस मॅन्युअलमधून शोधून तेच घ्यावं. नव्या एम.२ प्रकारच्या कार्डांचे अँटेना कनेक्टर आणखी लहान असतात, या वायरी त्यांवर बसत नाहीत. शिवाय २.४साठीच बनलेल्या अँटेनांवर ५ गिगाहर्ट्झ कसंबसं चालतं.

यूएसबीचा ८०२.११एसी (वायफाय ५चा) अडॅप्टर हा कमी डोकेदुखीचा मार्ग. यूएसबी २चं पोर्टही त्याला चालतं, वेग आताच्या कितीतरी पट मिळतो. नखाएवढा घेऊ नये. त्यातली अँटेना इतकी इवली असते की नीट बसवलेलं आतलं कार्डच बरं ठरावं. उभी अँटेना असलेला घ्यावा आणि हातभर एक्स्टेंशन वायरने लॅपटॉपपासून थोडा दूर ठेवावा. विशेषतः शेजारी यूएसबी ३ची बाहेरची डिस्क लागत असेल तर दूरच, कारण तिच्या वायरीतून निघणारा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पडतो. अडॅप्टर लावल्यावर आतलं कार्ड डिव्हाइस मॅनेजरमधून डिसेबल करावं, नाहीतर विंडोज दोन्हींवर एकदम जोडली जाते आणि कुठल्या कार्डाची तक्रार ऐकतोय तेच कळेनासं होतं.